घुमटातला थेंब

इजिप्तमध्ये, तांबड्या समुद्राकाठच्या सफागाच्या बंदरात ज्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर असतो त्याला बाशमोहन्दिस म्हणतात. म्हणजे इंजिनियरांमधला मोठा इंजिनियर. दोन स्क्रूड्रायव्हर असतील तर डॉक्टर म्हणायलाही लोक मागेपुढे पाहत नाहीत. इथल्या प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले. बंदरावरचे निम्मेअधिक बाशमोहन्दिस पाचवीत माझ्याच वर्गात होते, म्हणून खात्रीनं सांगते, त्या पदवीवर विसंबून कुणी सायकलसुद्धा दुरुस्तीला देऊ नये.

वगदी त्यांतलाच एक. पाचवीत तो पहिल्या बाकावर बसायचा आणि माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करायचा. उत्तर चुकलं की लगेच दुसरं सांगायचा, तेही चुकलं की तिसरं, आणि चौथ्याला माझ्या चेहऱ्याकडे बघत बघत शब्द बदलायचा. ‘माहीत नाही’ हे त्याच्या तोंडून मी वर्षभरात ऐकलं नाही. आता धक्क्याजवळ त्याचं दुकान आहे. काचेमागे रेडिओ, होकायंत्रं, माशांचे थवे दाखवणारे पडदे असं सगळं मांडलेलं असतं. ‘माहीत नाही’ ही वस्तू मात्र तिथे अजूनही मिळत नाही.

त्याला एकट्याला तरी काय नावं ठेवायची? आमच्याकडे परक्या माणसानं रस्ता विचारला तर ज्याला ठाऊक नाही तोही हात लांब करून ‘सरळ जा, मग उजवीकडे’ म्हणतो. विचारणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवणं वाईट दिसतं ना. रस्त्याचं ठीक आहे, फार तर माणूस भलत्याच मशिदीपाशी पोचतो. पण तीच सवय यंत्राच्या बाबतीत लावली, आणि माझ्या धाकट्या भावाच्या हातातलं सुकाणू जायची वेळ आली.

माझा भाऊ बदवी ‘अल-दुर्रा’ बोटीचा रैस, म्हणजे कप्तान. इझबत अल-बुर्गच्या कारखान्यात बोटीच्या फळ्यांना अजून ओल्या लाकडाचा वास होता तेव्हापासून तो तिच्यासोबत आहे. मालक हाजी शौकी. पाहुण्यांना आठवडाभर प्रवाळांच्या बेटांवर फिरवून आणायचं, हा बोटीचा धंदा. हाजींना बोटीविषयी एकच गोष्ट कळते, ती म्हणजे ती पांढरी दिसली पाहिजे. आता सफागाचं बंदर हे फॉस्फेटचं बंदर. जहाजात फॉस्फेट भरायला लागले की पिवळट धूळ अख्ख्या गावावर बसते, माणसांच्या भुवयांवरसुद्धा. अशा गावात पांढऱ्या बोटीचा हट्ट धरणं म्हणजे पिठाच्या गिरणीत काळा कोट घालून बसणं. पण रोज संध्याकाळी हाजी पांढऱ्या गलाबियात, म्हणजे पायघोळ झग्यात, धक्क्यावर उभे राहतात आणि खलाशी नळी घेऊन गोड्या पाण्यानं बोट धुतात. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या या गावात गोडं पाणी टँकरनं येतं. हाजींच्या बोटीला ते आमच्या घरांच्या आधी मिळतं.

हाजींना आणखी एक गोष्ट कळते असं ते म्हणतात. ती म्हणजे मीठ. रक्तदाब वाढल्यावर डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हापासून हाजी पहिल्याच घासाला थांबतात, जीभ टाळूला लावतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. बोटीवरचा आचारी शाझली दर दिवशी दोषी ठरतो.

“शाझली, आज पण दोन चिमटी जास्त.”

“हाजी, आज मीठ घातलंच नाही. मासा समुद्रातला आहे, त्याला मी काय करू?”

“मला नको शिकवूस. माझी जीभ खोटं बोलत नाही.”

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी तरी ठेवलं होतं.

बोटीच्या सर्वांत वरच्या छतावर प्लास्टिकचा एक पांढरा घुमट आहे. त्याच्या आत टीव्हीची तबकडी असते. घराच्या गच्चीवरची तबकडी एकदा उपग्रहाकडे वळवून ठेवली की झालं, पण बोट डुलते, वळते, नांगरावर फिरते. म्हणून घुमटातली तबकडी छोट्या मोटारींवर बसवलेली असते, आणि बोट कशीही हलली तरी ती आकाशातल्या त्याच जागेकडे तोंड करून राहते. डुलत्या बोटीवर चहाचा ट्रे घेऊन जिना चढणारा शाझली डोळ्यांसमोर आणा. अंग कुठेही जावो, ट्रे सपाट. तसंच.

तर या घुमटाचे अर्धे चॅनेल एक दिवस गेले. अर्धेच. कुराणपठण येत होतं, स्वयंपाकाचे कार्यक्रम येत होते, बातम्या येत होत्या. सिनेमे गेले आणि फुटबॉल गेला.

“घुमटानं तौबा केली,” शाझली म्हणाला. “हाजी, तुम्ही हजला जाऊन आलात, आता हाही निघालाय.”

हाजींना हसू आलं नाही. येत्या गुरुवारी त्यांच्या मुलीच्या सासरची मंडळी बोटीवर येणार होती, साखरपुड्यानंतरची पहिलीच भेट. त्याच दुपारी कैरोच्या दोन मोठ्या संघांचा सामना होता. भर समुद्रात जेवता जेवता मॅच दाखवीन, असं हाजींनी व्याह्यांना सांगून ठेवलं होतं. सांगून ठेवलं म्हणजे काय, गावभर सांगून ठेवलं होतं.

वगदीला बोलावलं. वगदी हाजींच्या बहिणीचा मुलगा. काळा चष्मा लावून तो धक्क्यावर आला, बोटीवर चढलाही नाही. खालूनच घुमटाकडे बघितलं, टीव्ही चालू-बंद करायला सांगितला, आणि म्हणाला, “मामा, याच्या मेंदूत समुद्राचं पाणी गेलंय. रैस लाटांवर समोरून बोट घालतो, तुषार वरपर्यंत उडतात. अख्खा घुमट बदलावा लागेल. मागवतो, पण गुरुवारपर्यंत येणार नाही.”

मेंदू कुठे असतो, त्यात पाणी कुठून जातं, अर्धेच चॅनेल का जातात, हे कुणी विचारलं नाही. वगदीनं आत्मविश्वासानं सांगितलं होतं, आणि आमच्या बंदरात आत्मविश्वास हाच पुरावा धरतात. हाजी बदवीकडे वळले.

“गुरुवारी मॅच दिसली नाही तर शुक्रवारपासून सुकाणू हातिमच्या हातात. माझ्या बोटीवर लाटांशी कुस्ती खेळणारा माणूस नको.”

हातिम वगदीचा थोरला भाऊ. त्याची बोट चालवण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. धक्क्याच्या दगडांवर अजून तिचे रंग दिसतात.

मंगळवारी सकाळी बदवी माझ्याकडे आला. मी फूल, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ, आणि त्याच दाण्यांचे गरम वडे, तामिया, समोर ठेवले. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून बसला.

“अब्ला, माझं संपलं बघ.”

अब्ला म्हणजे ताईही आणि बाईही. तो मला लहानपणापासून तेच म्हणतो, आणि माझे विद्यार्थीही तेच म्हणतात.

“घुमट उघडून बघितला कुणी?”

“नाही.”

“मग पाणी गेलंय हे कसं कळलं?”

“वगदी म्हणाला.”

“वगदी पाचवीत म्हणाला होता की चंद्र उन्हाळ्यात वितळतो. तू काय म्हणालास हाजींना?”

“काय म्हणणार? ‘जशी आपली मर्जी’ म्हणालो.”

मला माझ्या भावाचाही राग आला. वादळात बोट आणणारा माणूस. पण पांढऱ्या गलाबियासमोर त्याची मान आपोआप खाली जाते. मी चप्पल घातली.

“कुठे निघालीस?”

“तुझ्या बोटीवर. फूल खाऊन ये मागून.”

‘अल-दुर्रा’वर हाजी दिवाणखान्यात बसून स्वयंपाकाचा कार्यक्रम बघत होते. दुसरं काही येतच नव्हतं. मला बघून उठले, खुर्ची दिली, चहा मागवला. आमच्याकडे माणसाला घालवून देण्याआधी चहा देतातच.

“अब्ला, भावासाठी बोलायला आलात. समजतं मला. पण हा यंत्राचा मामला आहे.”

“भावासाठी नाही आले. तुमच्या मॅचसाठी आले. वगदीला बोलवा, मला त्याला थोडं विचारायचंय.”

वगदी आला. चष्मा काढला नाही. मी म्हटलं, “बाळ, वर्गात मी काय सांगायचे? बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग बघायचं. बदल दिसला तर दोष तिथे. नाही दिसला तर ती वस्तू परत जागेवर, आणि पुढची.”

“अब्ला, हे पाचवीचं विज्ञान नाही.”

“मला पाचवीचंच येतं. तू वरच्या वर्गाचं सांग. अर्धेच चॅनेल का गेले?”

त्यानं तोंड उघडलं, आणि एक उत्तर आलं. उपग्रह सरकला असावा. मी खिडकीतून बोट दाखवलं. शेजारच्या बोटीवर खलाशी कालचा सामना बघत होते, आरडाओरडा इथपर्यंत येत होता. वगदीनं लगेच दुसरं उत्तर दिलं, त्यांचा उपग्रह वेगळा असेल. शाझली ट्रे घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, “आमचा गरिबांचा, त्यांचा श्रीमंतांचा.”

माझा संशय टीव्हीखालच्या डब्यावर होता, ज्यातून चॅनेल बदलतात त्या. तसाच एक डबा रैसच्या खोलीत होता. आम्ही दोघांची अदलाबदल केली. इथेही तेच, तिथेही तेच. कुराण, भाजी, बातम्या. मी चुकले होते.

वगदीला केवढा आनंद झाला. “बघितलंत? उगाच हाजींचा वेळ घेताय.”

“चुकले,” मी म्हटलं. “डबा नाही. एक गोष्ट बाद झाली, आता पुढची. घुमटात काय काय असतं, सांग बघू.”

मी चुकले असं बोलल्यावर हाजींनी टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. असं काही त्या खोलीत बहुधा आधी कुणी म्हटलं नसावं. वगदी गोंधळला, आणि गोंधळात पहिल्यांदा त्याला खरंच माहीत होतं ते बोलून गेला. तबकडीसमोर लहरी पकडणारा एलएनबी, त्यातून निघणाऱ्या वायरी, त्या जोडलेल्या असतात ते स्विच, आणि स्विचपासून खाली येणारी वायर.

“स्विच कशाला?”

“लहरी दोन प्रकारच्या असतात ना. उभ्या आणि आडव्या.”

हे मात्र त्याला वर्गातलं आठवत होतं. मी खिडकीच्या उभ्या गजांतून दोरी ओवायची, एक टोक एका मुलाच्या हातात, दुसरं माझ्या. दोरी वरखाली हलवली की लाट गजांमधून पार जायची. डावीउजवीकडे हलवली की गजाशी अडायची. उपग्रह काही चॅनेल उभ्या लहरींवर पाठवतो, काही आडव्या. एलएनबी दोन्ही पकडतो आणि वेगवेगळ्या वायरींनी स्विचकडे देतो. आपण खाली चॅनेल बदलला की डबा त्याच वायरीतून वर थोडी वीज पाठवतो. उभ्यासाठी जरा कमी, आडव्यासाठी जरा जास्त. तेवढ्यावरून स्विच ओळखतं की आता कुठली वाट उघडायची. साबणाच्या वडीएवढी वस्तू, दारावरच्या रखवालदारासारखी. रखवालदार एकाच फाटकाशी झोपला, तर अर्धं गाव बाहेर राहणार.

“मग स्विच बघ.”

“स्विच कधी बिघडत नाही, अब्ला.”

“कधीच?”

“कधीच. मी आजवर बदललेलं नाही.”

“उघडलंयस तरी का?”

हाजी म्हणाले, “पोरा, बाईंना दाखवून टाक एकदा, म्हणजे शांतता होईल.”

वगदी तिरीमिरीनं उठला. मला खोटं पाडायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण त्या रागात तो पहिल्यांदाच काम नीट करायला निघाला, हे त्याच्या लक्षात आलं नाही. घुमटाची वीज खालून बंद करायला त्यानं सांगितलं, कारण चालू असली तर तबकडी अचानक गर्रकन फिरते आणि हात चिरडते. मग आम्ही सगळे छतावर चढलो. हाजी गलाबिया सावरत, बदवी सर्वांत मागे. झाकणाचे बोल्ट सुटले. झाकण उचललं तसा आतून दमट, कोंदट वास आला.

“आता बघा,” वगदी म्हणाला. “स्विच मध्ये नसलं तरी चित्र येणार नाही. म्हणजे दोष तबकडीच्या मेंदूत. मग तरी माना.”

गेलेले चॅनेल ज्यांवर येतात त्या उभ्या लहरींची वायर त्यानं स्विचमधून काढली, खाली जाणारी वायरही काढली, आणि दोन्हींची टोकं एका छोट्या जोडणीनं थेट एकमेकांना जोडली. रखवालदाराला वगळून रस्ता सरळ केला. वीज चालू केली. तबकडी कुरकुरली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि धक्क्याला बांधलेल्या स्थिर बोटीवर एका दिशेला येऊन थांबली.

खालून शाझलीचा आवाज आला. “गोल.”

“काय?”

“जुनी मॅच लागलीय. गोल झाला. घुमटानं तौबा मोडली.”

वगदीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, “म्हणजे मी म्हणालो तेच. पाणी. फक्त मेंदूऐवजी स्विचमध्ये.”

आता मला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही. त्यानं स्विच काढून हातात घेतलं आणि झाकणाच्या फटीत पातं घालून उघडलं. आत सगळं हिरवं झालं होतं, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखं. तिरकं केलं तसं कोपऱ्यातून पाणी ओघळलं. शाझली चहाची बशी घेऊन वर आला होता, ते पाणी बशीत धरलं.

हाजींचा चेहरा उजळला. मॅचचं काम झालं होतं, आणि दोषीही तोच राहणार होता.

“मग? समुद्र शिरलाच ना आत? वगदी बरोबर बोलला. बदवी, तू माझी बोट लाटांवर आपटलीस.”

बदवी खाली बघत होता. तो ‘जशी आपली मर्जी’ म्हणणार हे मला त्याच्या मानेवरून कळलं. त्याच्या आधी मी बोलले.

“हाजी, समुद्राचं पाणी कसं ओळखतात?”

“म्हणजे?”

“चवीवरून. बशीत आहे. खारट असेल तर माझ्या भावानं लाटा अंगावर घेतल्या. उद्या हातिमला बोलवा, मी स्वतः बदवीची पेटी उचलून घरी नेते. खारट नसेल तर लाटांचा संबंध नाही.”

हाजी हसले. खलाशी खालून जिन्यावर गोळा झाले होते, माघार घेणं शक्य नव्हतं. त्यांनी करंगळी बुडवली, जिभेच्या टोकाला लावली, टाळूला जीभ टेकवली, डोळे मिटले. रोज जेवताना करतात तसंच.

डोळे उघडले तेव्हा त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पापण्या दोनदा हलल्या.

“खारट,” हाजी म्हणाले.

बशी वगदीकडे गेली. वगदीनं आधी मामांकडे बघितलं, मग बशीकडे. चव घेतली.

“किंचित खारट, मामा. म्हणजे होतं खारट, आता थोडं उडून गेलंय.”

मीठ उडून जातं, हे विज्ञान मी शिकवलेलं नाही. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. परीक्षेत हा प्रश्न मी दरवर्षी घालायचे.

मला किंवा बदवीला बशी कुणी दिली नाही. आमचं कोण ऐकणार? हाजींनी ती शाझलीकडे सरकवली, आता फक्त शिक्का मारायचा उरला होता.

“शाझली, तू सांग. तुझा तर रोजचा धंदा मिठाचा.”

शाझलीनं बोट बुडवलं, चाटलं आणि बाजूला थुंकला. एप्रनला हात पुसला.

“तांब्याची चव आहे. तुरट. मीठ नाही.”

“नीट बघ.”

“हाजी, काल माझ्या मोलोखियाच्या पालेभाजीत चिमूटभर मीठ होतं, तर तुम्ही ताट सरकवलंत. परवा भातात तेवढंही नव्हतं, तरी तुम्हाला लागलं. हे पाणी जर खारट असेल, तर आजवर मी तुम्हाला अळणी वाढत आलोय. मग रोजची बोलणी मला फुकट बसली. आणि हे अळणी असेल, तर तुमची जीभ खोटं बोलत नाही. दोन्हींतलं एक काय ते ठरवा, मला संध्याकाळचा स्वयंपाक करायचाय.”

जिन्यावर कुणीतरी खोकलं. हाजी बशीकडे बघत राहिले. पुन्हा चव घ्यायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो त्यांनी मुळीच विचारायला नको होता.

“पण गोडं पाणी घुमटाच्या आत येईल कुठून?”

एरवी एका प्रश्नाला दहा उत्तरं देणारं बंदर, आणि त्या दिवशी एकही तोंड उघडलं नाही. सगळे फक्त धक्क्याकडे बघू लागले. तिथे नळाशेजारी हिरवी नळी वेटोळं करून ठेवली होती, तोंडातून थेंब गळत होता.

सगळ्यांनाच आठवत होतं. ईदच्या आधी फॉस्फेटचं मोठं जहाज लागलं होतं आणि घुमट पिवळा पडला होता. बाहेरून धुऊन हाजींचं समाधान झालं नाही. झाकण काढा, आतून पण धुवा, व्याह्यांची मंडळी येणार आहेत, असं धक्क्यावरून तेच ओरडले होते. बदवी म्हणाला होता, हाजी, आत वायरी आहेत. पाणी आहे रे, विष नाही, हे हाजींचं उत्तर होतं. खलाशांनी नळीचं तोंड दाबून फवारा आत सोडला होता, आणि हाजी खालून शाबासकी देत होते. नवरीसारखा दिसतोय, असंही म्हणाले होते. घुमटाच्या आतलं कोण बघणार होतं, कुणास ठाऊक.

हाजी नळीकडे बघत होते. मग गलाबियाची बाही झटकली.

“वगदी, नवं स्विच आहे दुकानात?”

“आहे, मामा.”

“मग इथे उभा राहून माझं तोंड काय बघतोस?”

स्विच दुकानात होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून होतं. अख्खा घुमट परदेशातून मागवायला निघालेल्या माणसाच्या काचेमागे ते पडून होतं.

वगदी घेऊन आला. यावेळी काळा चष्मा नव्हता. वीज बंद. कुठली वायर कुठून निघाली, ती खडूनं खुणा करून ठेवायला मी सांगितलं. त्यानं निमूटपणे केल्या. जुन्या वायरींची हिरवी टोकं कापून नवी टोकं बसवली. नवं स्विच घुमटाच्या आतल्या भिंतीला असं लावलं की जोडण्यांची तोंडं खाली राहतील. वायरींना स्विचपाशी येण्याआधी खाली एक झोका दिला, म्हणजे पाणी आलंच तर वायरीवरून ओघळून झोक्याच्या तळाशी गळेल, स्विचच्या पोटात जाणार नाही. प्रत्येक जोडणीवर रबराची चिकट पट्टी ओढून गुंडाळली. काम चांगलं केलं. ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला हे येत होतं, फक्त तो वर चढत नव्हता.

“आता एक एक चॅनेल बघ,” मी म्हटलं. “उभा, आडवा, पुन्हा उभा. आणि रैसला बोट थोडी फिरवून आणू दे. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर काय, कुणाचीही तबकडी शहाणी असते.”

बदवीनं दोर सोडले, बंदराच्या तोंडापर्यंत जाऊन सावकाश वळण घेतलं. तबकडी वळली नाही, म्हणजे बोटीबरोबर वळली नाही, आकाशाबरोबर राहिली. चित्र एकदाही तुटलं नाही. हाजींनी ते बघितलं. बदवीला काही बोलले नाहीत. हातिमचं नाव मात्र पुन्हा निघालं नाही.

संध्याकाळी मी बदवीला विचारलं, “काही म्हणाले का? चुकलं वगैरे?”

“गुरुवारी लवकर ये म्हणाले.”

“बस?”

“अब्ला, सुकाणू आहे ना. आणखी काय पाहिजे?”

मला पुष्कळ पाहिजे होतं, पण ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

गुरुवारी मलाही बोलावलं होतं. व्याही मंडळी आली. बेटामागे, जिथे पाणी शांत असतं, तिथे बदवीनं बोट अलगद नेऊन उभी केली. दुपारी मॅच लागली. गवताचं एक एक पातं दिसत होतं. व्याह्यांनी विचारलं, समुद्रात इतकं स्वच्छ चित्र कसं येतं? हाजी मागे रेलले.

“मध्ये अर्धे चॅनेल गेले होते. इंजिनियर म्हणाले अख्खा घुमट बदला. मी म्हटलं थांबा. स्विच काढलं, आतलं पाणी जिभेवर ठेवलं. गोडं. लगेच ओळखलं, समुद्राचा दोष नाही, कुणीतरी धुताना निष्काळजीपणा केलाय. कामगार लोक. लक्ष ठेवावं लागतं.”

“माशाल्ला, हाजी,” व्याही म्हणाले. “तुम्ही तर बाशमोहन्दिस निघालात.”

वगदी कोपऱ्यात बसला होता. त्यानं मान डोलावली. पदवी त्याच्याकडून मामांकडे गेली, तेवढाच फरक.

शाझलीनं जेवण आणलं. तळलेला मासा, कांद्याचा तपकिरी भात, चिंचेची आमटी. पाहुण्यांना वाढून झालं, मग त्यानं हाजींचं ताट पुढं ठेवलं आणि हात बांधून तिथेच उभा राहिला. हाजींनी पहिला घास घेतला. जीभ टाळूला लागली. डोळे मिटायला लागले. हात ताटाच्या कडेला गेला, सरकवायला. मग त्यांनी वर बघितलं.

“मीठ ठीक आहे ना, हाजी?” शाझलीनं विचारलं. “तुम्हाला लगेच कळतं, म्हणून विचारलं.”

व्याही बघत होते. बदवी दारात चहाचा पेला घेऊन उभा होता, तोही बघत होता.

हाजींनी ताट पुन्हा आपल्याकडे ओढलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि शेवटच्या शितापर्यंत जेवले.

उठताना मी शाझलीच्या भांड्यातून थोडा भात चाखला. तो चांगला खारट होता.